टीव्हीखालचा संगणक मी का काढला

"टीव्ही म्हणजे नुसता पडदा समजा, त्याच्या आतल्या ॲपना हात लावू नका, खाली आपला संगणक लावा, असं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात. आता कळतं की तुमच्याच घरातला संगणक निघालाय. असं काय झालं? आणि आम्हीही तसंच करावं का?" असा प्रश्न आहे. त्यातला टोमणाही पोचला.

ऐकलंत ते खरं आहे. घरोघरी पडदे, स्पीकर आणि त्यांच्यामागचं केबलींचं जंजाळ लावून देण्याचं काम मी अठरा वर्षं करतोय, आणि त्यातली किमान बारा वर्षं 'स्मार्ट टीव्ही'तला 'स्मार्ट' हा शब्द तोंड वाकडं करूनच उच्चारत होतो. तेव्हाचा सल्ला चुकला असं मला आजही वाटत नाही. पॅनेल, म्हणजे टीव्हीचा खुद्द पडदा, आठ-दहा वर्षं सहज चालायचं, पण त्याच्या आतलं सॉफ्टवेअर कंपनी दोन-तीन वर्षांत विसरून जायची. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी जोडणी बंद केली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या कित्येक टीव्हींतलं यूट्यूब गेलं ते गेलंच. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनेही काही जुन्या टीव्हींना आणि टीव्हीला जोडायच्या डब्यांना रामराम ठोकला. काच उत्तम, रंग उत्तम, पण ॲप उघडावं तर काहीच नाही. शिवाय ते मेनू! बाण दाबायचा, पाणी पिऊन यायचं, तोवर चौकट एक घर सरकलेली असायची.

त्या काळात टीव्हीखालचा छोटा संगणक म्हणजे स्वातंत्र्य होतं. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी जन्मलेलं एक्सबीएमसी हे व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर, ज्याचं नाव २०१४ मध्ये कोडी झालं, ते मी इतक्या घरांत बसवलंय की त्याच्या सेटिंगची पानं मला डोळे मिटूनही दिसतात. कुठलीही फाइल द्या, चालायची. काही बिघडलं तर दुरुस्त करता यायचं. आणि खरं सांगायचं तर दुरुस्त करण्यातही मजा होती.

एक गोष्ट मात्र मी कधी कुणाला मोकळेपणाने सांगितली नाही. तो संगणक चालवता येणारा माणूस आमच्या घरात एकच होता. एकदा मी कुणाच्या तरी घरी शिडीवर उभा असताना आईचा फोन आला, "आवाज येतोय, चित्र नाही." कारण मला लगेच कळलं. टीव्ही, मधला ॲम्प्लिफायर आणि संगणक चालू होताना एकमेकांना एचडीसीपीच्या, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाच्या, किल्ल्या दाखवतात. त्यांतल्या एकाला जाग यायला दोन सेकंद उशीर झाला की पडदा काळा. उपायही ठाऊक होता. सगळं बंद करायचं, मग आधी टीव्ही, नंतर ॲम्प्लिफायर, दहापर्यंत मोजायचं, शेवटी संगणक. मी तो शिडीवरूनच सांगितला. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "राहू दे. मी वाचत बसते."

माझं मन वळलं ते या फोनमुळे नव्हे. तेवढा मी समजूतदार नाही.

जुना टीव्ही गेला आणि नवा आणला, तोही केवळ पॅनेलसाठी. संगणकाची जुनी केबल नव्या टीव्हीचा वेग पेलेना, चित्र मधूनच झपकन जायचं, म्हणून नवी केबल येईपर्यंत आठवडाभर टीव्हीतल्या ॲपवरच भागवलं. केबल आल्यावर टीव्हीला खोटं पाडायचं म्हणून मी रीतसर सामना लावला. तोच चित्रपट, तेच दृश्य, एकदा टीव्हीतून आणि एकदा संगणकातून. दृश्य अगदी साधं होतं, कॅमेरा एका लांबलचक विटांच्या भिंतीवरून संथपणे सरकतो, बस. संगणकावर त्या विटा अडखळत सरकल्या. टीव्हीवर त्याच विटा पाण्यासारख्या वाहत गेल्या. मी तीनदा उलटसुलट करून पाहिलं.

यामागचं गणित सोपं आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, स्ट्रीमिंगच्या व्हिडिओत बहुधा २३.९७६. संगणक पडद्याला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवत असेल तर ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. मग एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा अशी वाटणी करावी लागते, म्हणजे एक फ्रेम ५० मिलिसेकंद थांबते आणि पुढची ३३. माणसं बोलत बसलेली असतात तेव्हा हे जाणवतही नाही, पण कॅमेरा संथ फिरायला लागला की डोळ्याला खुपतं. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते आणि प्रश्नच मिटतो. संगणकालाही पडद्याचा वेग फ्रेमशी जुळवता येतो. कोडीत तशी सोय आहे आणि मी ती चालू ठेवलेलीही होती, पण ती माझ्या स्वतःच्या फायलींपुरती. स्ट्रीमिंग सेवा मी ब्राउझरमधून पाहायचो, आणि ब्राउझरला पडद्याच्या वेगाशी काही देणंघेणं नसतं. म्हणजे ज्या दोषावर मी लोकांना व्याख्यानं देत होतो, तो मी स्वतः रोज संध्याकाळी पाहत होतो.

मग खोदत गेलो आणि आणखी निघत गेलं. बऱ्याच सेवा संगणकाच्या ब्राउझरला पूर्ण दर्जाचं चित्र देतच नाहीत. कुणी ठरावीक ब्राउझरच मागतं, कुणाला पडद्यापर्यंतची सगळी साखळी एचडीसीपी २.२ ची हवी असते, आणि त्यातलं काही कमी पडलं तर न सांगता ४के ऐवजी खालचा प्रवाह पाठवला जातो. पैसे पूर्ण, चित्र अर्धं. अँड्रॉइडच्या जगात हेच वाइडवाइन या कुलपाच्या पातळीवर ठरतं. एल१ म्हणजे कुलूप हार्डवेअरमध्ये आहे, एल३ म्हणजे नुसतं सॉफ्टवेअरमध्ये, आणि एल३ असलेल्या यंत्राला बहुतेक मोठ्या सेवा ४८० ओळींच्या आसपासच ठेवतात. बिननावाच्या डब्यांवर '४के' असं ठसठशीत छापलेलं असूनही चित्र धुरकट दिसतं, ते बहुतेकदा यामुळेच. नावाजलेल्या कंपनीच्या टीव्हीत ही परवानगी कारखान्यातूनच घेतलेली असते.

एचडीआरचंही तेच, म्हणजे उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचं. एचडीआर चित्रपट बहुधा १००० निट्स (उजेड मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त उजेड गृहीत धरून रंगवलेला असतो, आणि घरातला पडदा तेवढा उजेड देईलच असं नाही. मग तो उजेड पडद्याच्या कुवतीत बसवावा लागतो. ही काटछाट सगळ्यात नीट कोण करणार? ज्याला आपलं पॅनेल किती पेटतं हे ठाऊक आहे तोच. मध्ये संगणक असला की तो आधी स्वतःच्या डेस्कटॉपचा हिशोब लावतो, मग टीव्ही स्वतःचा लावतो, आणि दोन हिशोबनिसांच्या भांडणात गोऱ्या माणसाचा चेहरा राखाडी होतो. माझ्या संगणकावर एचडीआर चालू केलं की नेहमीचा डेस्कटॉप धुतल्यासारखा फिका व्हायचा आणि बंद करायला विसरलं की सगळंच फिकं. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच प्रकारात तर दृश्यागणिक सूचना येतात. त्या थेट टीव्हीच्या हाती पडलेल्या बऱ्या.

चौथं कारण कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवायच्या आणि उलगडायच्या पद्धतीचं. एव्ही१ हा कोडेक २०१८ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०२१ पासून नेटफ्लिक्स टीव्हींनाही त्यातले प्रवाह पाठवू लागलं. कमी बँडविड्थमध्ये तेवढंच चांगलं चित्र, पण उलगडायला मेहनत जास्त. नव्या टीव्हींच्या चिपमध्ये ते काम हार्डवेअर करतं. माझ्या संगणकात ती सोय नव्हती, त्यामुळे यूट्यूबवर एव्ही१ चा मोठा व्हिडिओ लागला की पंखा असा घोंघावायचा की संवाद ऐकायला आवाज वाढवावा लागायचा.

तर मला जिंकलं ते टीव्हीच्या चकचकीत मेनूने नव्हे. ते मेनू मला आजही फारसे आवडत नाहीत. जिंकलं ते या गोष्टीने की प्रवाह घेणारा, उलगडणारा आणि दाखवणारा असे तिघेही एकाच पेटीत बसलेत, त्यामुळे आपसात वाटाघाटी करायला जागाच उरली नाही. मी अठरा वर्षं ज्या बिघाडांवर पोट भरलं, त्यातले निम्मे दोन यंत्रांच्या मधल्या केबलीत जन्मायचे.

आता सावध करतो, कारण टीव्ही खोक्यातून काढून लावला आणि झालं, असं होत नाही. दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा भडक दिसावं म्हणून केलेली सेटिंग अनेकदा घरातही तशीच राहते. पहिल्यांदा चालू करताना 'घर की दुकान' असं विचारलं तर घरच निवडा. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं गोंडस नाव दिलंय, पण ती दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेतली फ्रेम घुसवते आणि मोठ्या पडद्यासाठी केलेला चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी हीच सोय बंद करा म्हणून खास व्हिडिओ काढला होता. पुढच्याच वर्षी टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. तुमच्या टीव्हीत तो असेल तर चित्रपटांसाठी डोळे झाकून लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल. तिसऱ्या दिवशी आधीची सेटिंग निळीशार वाटायला लागते. वीज वाचवणारी सोय एचडीआरच्या वेळी चित्र काळोखात ढकलते, तीही तपासा. अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल तर फ्रेमचा वेग जुळवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये शोधून चालू करा. तो नसेल तर माझी विटांची भिंत तुमच्याकडेही अडखळेल.

आणि खाजगीपणा. बहुतेक टीव्हींत पडद्यावर काय चाललंय हे ओळखून कंपनीला कळवणारी यंत्रणा असते, एसीआर म्हणतात तिला. ती ॲपपुरती थांबेलच असं नाही, एचडीएमआयमधून आलेलं चित्रही ओळखू शकते. म्हणजे टीव्ही इंटरनेटला जोडलेला असेल तर 'मी डबा लावलाय, मी सुरक्षित' हा समज खोटा. अमेरिकेत फेब्रुवारी २०१७ मध्ये विझिओ कंपनीला १ कोटी १० लाख टीव्हींवरून न विचारता अशी माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २२ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. टीव्ही लावताना अटींचं जे लांबलचक पान येतं, त्यात ही परवानगी बहुधा वेगळ्या चौकटीत असते. तिथे नाही म्हटलं तरी टीव्ही चालतो. मी नव्या घरी गेलो की चित्र जुळवण्याआधी हेच बंद करतो.

आता स्वतःच्या फायलींबद्दल, कारण असा प्रश्न विचारणाऱ्यांकडे बहुधा हार्ड डिस्कभर संग्रह असतो. संगणक मी टीव्हीखालून काढला, घरातून नाही. तो आता कपाटात, पडद्याशिवाय, सर्व्हर म्हणून चालतो आणि टीव्हीतल्या ॲपला फायली पुरवतो. जेलीफिन किंवा प्लेक्स, दोन्ही चालतात. जेलीफिन २०१८ च्या अखेरीस एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालं आणि पूर्णपणे मोफत आहे. प्लेक्सचं मूळ पुन्हा त्याच एक्सबीएमसीत. कुठलंही घ्या, ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. सर्व्हरने फाइल जशीच्या तशी पाठवावी आणि टीव्हीने ती उलगडावी, हे खरं सुख. टीव्हीला फाइल पचली नाही की सर्व्हर ती वाटेत नव्याने शिजवायला घेतो, मग कपाटातला पंखा ओरडतो आणि चित्राचा दर्जा उतरतो.

टीव्हीला काय पचत नाही, त्याचे तीन नेहमीचे गुन्हेगार. पहिला डीटीएस, डॉल्बीसारखाच आवाजाचा एक प्रकार. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीतून तो काढलाय, आणि इतर कंपन्यांतही मॉडेलनुसार असतो-नसतो. नशिबाने नुसता आवाज बदलणं सर्व्हरला जड जात नाही. दुसरे सबटायटल, हे मात्र खरे छुपे रुस्तम. ब्लू-रेवरून उतरवलेली सबटायटलं अक्षरांची नसतात, चित्रांची असतात. अनेक टीव्ही ॲपना ती वेगळी दाखवता येत नाहीत, मग सर्व्हर ती चित्रावर चिकटवण्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने बनवत बसतो. एका घरी मी अर्धा दिवस राउटरला शिव्या घातल्या आणि शेवटी कारण निघालं तळाच्या दोन ओळी. अक्षरांची सबटायटलं असलेली एसआरटी फाइल शेजारी ठेवली की सगळं सुरळीत. तिसरा डॉल्बी व्हिजनचा प्रकार. स्ट्रीमिंगमध्ये मुख्यतः प्रोफाइल ५ असतं, डिस्कवर प्रोफाइल ७. डिस्कवरून घेतलेली फाइल टीव्हीत बहुधा साध्या एचडीआरमध्ये चालते, म्हणजे पाहण्यालायक असते. पण प्रोफाइल ५ ची फाइल डॉल्बी व्हिजन न कळणाऱ्या प्लेअरला दिली तर माणसं हिरवी-जांभळी दिसतात. ते पाहून पॅनेल गेलं समजू नका.

इथेच नेटवर्कची एक गंमत सांगतो, जिच्यावर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. बहुतेक टीव्हींच्या पाठीचं लॅन पोर्ट आजही १०० मेगाबिटचं असतं. स्ट्रीमिंगला ते भरपूर आहे, नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिट सुचवतं. पण ४के ब्लू-रेचा वेग १०० मेगाबिटच्या वरही जाऊ शकतो, आणि तशी, पुन्हा न दाबलेली फाइल नेमक्या हाणामारीच्या दृश्यात या पोर्टवर अडकते. अशा वेळी राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय केबलीपेक्षा वेगवान निघतं. 'केबल ती केबल' असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे पचवायला वेळ लागला. तरी तुम्ही फक्त स्ट्रीमिंग पाहत असाल तर केबलच लावा. वेग कमी असेल, पण दर संध्याकाळी तेवढाच मिळेल.

आवाजाचं थोडक्यात. आता सगळं टीव्हीत सुरू होतं, म्हणून आवाज टीव्हीतून उलट्या दिशेने साउंडबारकडे किंवा ॲम्प्लिफायरकडे न्यावा लागतो. त्यासाठी एचडीएमआयच्या 'एआरसी' लिहिलेल्याच पोर्टमध्ये केबल लावा आणि डिजिटल आवाज 'पास-थ्रू', म्हणजे न बदलता पुढे जाणारा, ठेवा. स्ट्रीमिंगचा ॲटमॉस, म्हणजे डॉल्बीचा चहूबाजूंनी घेरणारा आवाज, डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळून येतो, त्याला साधं एआरसी पुरतं. डिस्कवरचा ट्रूएचडी, डॉल्बीचाच दर्जा न घटवता साठवलेला आवाज, हवा असेल तर दोन्ही टोकांना ईएआरसी, म्हणजे एआरसीची वाढीव आवृत्ती, हवं, आणि टीव्हीतल्या ॲपने तो आवाज न छेडता पुढे द्यायला हवा. तो बहुतेक देत नाहीत. ज्यांचा जीव अशा आवाजात अडकलाय, त्यांनी स्वतंत्र डबा ठेवावा. मी त्यांना अडवणार नाही, मीही अनेक वर्षं त्याच पंथातला होतो.

आणखी कुणी संगणक काढू नये? टीव्ही सहा-सात वर्षं जुना असेल आणि मेनू रेंगाळत असेल तर मुळीच नको. २ जीबीपेक्षा कमी मेमरीचा टीव्ही आज सुसाट असला तरी चार अपडेटनंतर धापा टाकतो. पहिल्या पानावरच्या जाहिराती डोक्यात जात असतील तरी नको, काही टीव्हींत त्या पूर्ण बंद करताच येत नाहीत. जुने टीव्ही अनाथ व्हायचे ही भीती आजही निराधार नाही. फरक एवढाच की आता मी तिची किंमत आधीच भरत नाही. ॲप बंद पडेल त्या दिवशी एचडीएमआयचं पोर्ट तिथेच असेल, एक छोटी स्टिक घुसवली की काम झालं. तोवर तिचा खोळंबा आणि तिचा तिसरा रिमोट कशाला सोसायचा? नवा टीव्ही घेताना मात्र विक्रेत्याला पॅनेलसोबत आणखी एक विचारा, सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं देणार. उत्तर लेखी नसेल तर ते उत्तर नाही.

तुमच्या घरी काढावा की नाही, हे माझ्यावर सोडू नका. संगणक जागेवरून हलवू नका, फक्त आठवडाभर त्याचं इनपुट लावू नका. वर सांगितलेली चित्राची सेटिंग करा, एसीआर बंद करा, आणि रोजचं सगळं टीव्हीतून पाहा. अडलं की वहीत लिहा, कुठली फाइल आणि काय झालं. शनिवारी संथ कॅमेऱ्याचं एक दृश्य दोन्हीकडून लावा, पण कुठलं कुठून येतंय हे घरच्यांना सांगू नका. आमच्याकडे तिघांपैकी तिघांनी टीव्हीच्या बाजूने मत दिलं. आईने विटांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, "ज्याला एकच रिमोट लागतो ते."